दांडी सरळ आहे का, ते आधी बघा

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो. वय ५१, बँकेत नोकरी. लहानपणी सहा वर्षं सरोद शिकलो. दहावीच्या वर्षी वडील गेले, सरोद विकावं लागलं, ते शिक्षण तिथंच थांबलं. दोन वर्षांपूर्वी अमेरिकी वादक बेला फ्लेक यांचा बँजो झाकीर हुसेन आणि राकेश चौरसिया यांच्याबरोबर ऐकला आणि झोप उडाली. तिथून मागं मागं जात अर्ल स्क्रग्ज या जुन्या बँजोवादकापर्यंत पोचलो. आता मला ब्लूग्रासचा, म्हणजे त्या अमेरिकी लोकसंगीताचा, पाच तारांचा बँजो हवा आहे. नवा परवडणार नाही. ₹६०,००० जमवले आहेत.

तीन जागा दिसतात. एक, इथल्याच एका बँड पार्टीवाल्यांचा ‘बँजो’, ₹९,०००. दोन, पुण्यात अमेरिकेहून परत आलेले एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे १९७० च्या दशकातला जपानी बनावटीचा आहे, ₹४५,००० सांगतात. ‘मास्टरटोनसारखाच आहे’ असं त्यांचं म्हणणं. फोटोत तारा पेलणारी घोडी तिरकी दिसते, ढोलावरची ताणलेली पुडी सैल वाटते, ती ताणणाऱ्या हुकांतला एक नाही आणि दांडी ढोलाला जिथं मिळते तिथं बारीक फट आहे. मागचं झाकण काढून फोटो पाठवा म्हटलं, तर ‘नाजूक असतं, उघडत नाहीत’ म्हणाले. तीन, न्यू जर्सीचा भाचा दिवाळीत येणार आहे, तो तिकडून जुना आणू शकेल. बहीण पुण्यात असते, पण तिला वाद्यातलं काही कळत नाही. आणि बायको विचारते, दोन खोल्यांत हे वाजवणार कुठं? काय करू?

एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर

सप्रेम नमस्कार.

सरोद विकावं लागलं हे एका ओळीत लिहून तुम्ही पुढं गेलात. मी त्या ओळीवर बराच वेळ थांबले. ज्या गावात जीवाजीगंजला उस्ताद हाफिज अली खाँसाहेबांच्या घराचं ‘सरोद घर’ झालं आहे, त्या गावातल्या मुलाच्या हातून सरोद सुटणं म्हणजे काय, ते मला कळतं. म्हणून पहिल्यांदा हे सांगते की ती सहा वर्षं वाया गेलेली नाहीत. बँजो वाजवताना तर ती कामी येतीलच, पण विकत घेतानाही येतील.

दोन्ही वाद्यांची घराणी वेगळी. सरोद रबाबाकडून आलं. बँजो मूळचा पश्चिम आफ्रिकेकडचा. गुलाम करून नेलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडं ताणून, एक तार आखूड ठेवून जे वाद्य परमुलखात पुन्हा उभं केलं, त्याचा हा वंशज. पण दोघांची घडण शेजारी ठेवून पाहा. ताणलेली पुडी, तिच्यावर नुसत्या तारांच्या दाबानं उभी असलेली घोडी, आणि सूर धरून ठेवणारी एक वेगळी तार. ब्लूग्रासचा बँजो बहुतेक वेळा ‘जी’ या पाश्चात्त्य सुराला लावतात. जी म्हणजे आपली पांढरी पाच. तिला षड्ज मानलं की चौथ्या तारेपासून पहिलीपर्यंत मंद्र पंचम, षड्ज, शुद्ध गंधार, पंचम असा क्रम लागतो. आणि जी पाचवी तार दांडीच्या वाटेतच, पाचव्या पडद्यापाशी, वेगळ्या खुंटीवरून सुरू होते, ती तार षड्ज. म्हणजे सरोदावर मधूनमधून छेडायची तुमची चिकारीच.

१९४५ च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज बिल मन्रो यांच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या बँडमध्ये आले. अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांची अखंड फिरती चाल, हे त्यांचं वादन. त्या चालीला ‘रोल’ म्हणतात. आठ आघातांचा एक रोल तीन-तीन-दोन असा विभागतो आणि त्यात अंगठा पुन्हा पुन्हा त्या तार षड्जावर येतो. ज्याच्या हाताखालून सरोदावरचा जलद ‘झाला’ गेला आहे त्याला हे परकं वाटणार नाही. सरोद छेडायच्या जव्याऐवजी अंगठ्याला प्लॅस्टिकची आणि दोन बोटांना धातूची नखी येईल, तिचा सराव व्हायला महिना-दोन महिने जातील. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड मात्र इथं नाही. दांडीला पडदे आहेत आणि सुराची आस आखूड आहे. हे आत्ताच मनाशी पक्कं करा, म्हणजे पैसे दिल्यावर हळहळ वाटणार नाही.

आता खरेदीकडे येते.

बँड पार्टीवाल्यांचा बँजो घेऊ नका. तो वाईट आहे म्हणून नव्हे, ते वाद्यच निराळं आहे म्हणून. आपण मिरवणुकीत ज्याला बँजो म्हणतो, त्याला टाइपरायटरसारख्या कळा असतात. एका हातानं कळा दाबायच्या, दुसऱ्यानं तारा छेडायच्या. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये जपानमध्ये ताइशोगोतो नावाचं वाद्य केलं, त्याचं हे भारतीय रूप. त्याचं खरं नाव बुलबुल तरंग. चांगल्या वादकाच्या हातात ते ऐकलं की माझेही पाय रस्त्यात थांबतात. पण स्क्रग्जचा रोल त्यावर निघणार नाही. जुन्या वस्तूंच्या जाहिरातीत नुसतं ‘बँजो’ शोधलंत तर दहातली बहुतेक वाद्यं हीच निघतील. उरलेल्यांत चार तारांचे टेनर बँजो आणि सहा तारांचे गिटार-बँजो असतील. दिसायला तेही तसेच गोल, पण तुमच्या उपयोगाचे नाहीत. खूण सोपी आहे: चार खुंट्या शेंड्याला आणि एक दांडीच्या कुशीत. शिवाय ढोलाच्या मागं परातीसारखं लाकडी झाकण, म्हणजे रेझोनेटर, हवं. ते नसेल तर तो उघड्या पाठीचा बँजो. त्याचा आवाज मऊ आणि मागं ओढलेला असतो. ब्लूग्रासचा जो खणखणीत, पुढं फेकला जाणारा नाद तुम्ही ऐकलात, तो रेझोनेटरचा.

‘मास्टरटोनसारखाच’ या शब्दानं भुलू नका. मास्टरटोन हे गिब्सनचं नाव आहे, १९२५ पासूनचं. स्क्रग्ज ज्यावर वाजवत तो १९३० चा गिब्सन ग्रॅनाडा त्याच घराण्यातला. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे मूळ पाच तारांचे, सपाट टोन रिंगचे (टोन रिंग म्हणजे पुडीखालचं धातूचं कडं) असे बँजो आज घराच्या किमतीला जातात. त्या काळी चार तारांचे टेनरच जास्त खपत, म्हणून जुन्या टेनरच्या ढोलाला नवी पाच तारांची दांडी बसवलेले बँजोही पुष्कळ आहेत. ती फसवणूक नव्हे, पण विकताना ते सांगितलं गेलं पाहिजे आणि किंमतही त्याप्रमाणे लागली पाहिजे. गिब्सननं २०१० मध्ये नॅशव्हिलच्या पुरानंतर बँजो बनवणं थांबवलं, त्यामुळं नावाचा भाव आणखी चढला. १९७० च्या दशकात जपानी कारखान्यांनी मास्टरटोनचं रूप डोळ्यांपुढं ठेवून खूप बँजो केले. त्यांतले काही फार सुरेख आहेत, काही नुसते दिसायला तसे. बाहेरून दोन्ही सारखेच चकाकतात. फरक आत असतो, आणि तुमचे पुण्याचे गृहस्थ नेमकं आतलंच दाखवायला तयार नाहीत.

रेझोनेटर नाजूक नसतो. सहसा चार स्क्रू असतात, हातानं फिरणारे, पानासुद्धा लागत नाही. वाजवणारे लोक धूळ पुसायला, नट आवळायला तो नेहमी काढतात. त्या गृहस्थांना कदाचित खरंच माहीत नसेल. पुष्कळ जण हौसेनं घेतात आणि भिंतीला लावून ठेवतात. तेव्हा भांडू नका. ‘मी स्वतः किंवा माझी बहीण येऊन, तुमच्यासमोर, हातानं चार स्क्रू काढून बघू’ असं म्हणा. तरी नाही म्हणाले, तर तो बँजो तिथंच सोडा. न उघडलेल्या ढोलावर ₹४५,००० लावू नका.

उघडल्यावर काय बघायचं ते सांगते. ढोलाचं कडं, ज्याला रिम म्हणतात, ते आतून लाकडाचं दिसलं पाहिजे. चांगल्या बँजोत मेपलचे थर वाकवून चिकटवलेले असतात, कडेनं ते मोजता येतात, बहुधा तीन. थरांमध्ये फट नको. लाकडाऐवजी करडा धातू दिसला, म्हणजे सगळा ढोलच ॲल्युमिनियमचा एकसंध ओतलेला असला, तर तो त्या काळातल्या स्वस्त आशियाई बँजोंपैकी आहे. त्यावर शिकता येतं, आवाज मात्र पातळ आणि पत्र्यासारखा. अशा बँजोचे मी ₹१५,००० च्या वर देणार नाही. लाकडी कड्याच्या वरच्या काठावर, पुडीच्या खाली, धातूचं कडं बसवलेलं असेल तर ती टोन रिंग. ओतीव काशाची असेल तर एकटीच सव्वा ते दीड किलो भरते, आणि तिच्यामुळं सगळा बँजो पाच किलोच्या घरात जातो. बहिणीला घरातला वजनकाटा घेऊन जायला सांगा. तीन-साडेतीन किलोचा बँजो कुणी ओतीव टोन रिंगचा म्हणून सांगू लागला, तर काटाच उत्तर देईल. कड्याचा आतला व्यास टेपनं दोन दिशांनी मोजायचा, दांडीच्या रेषेत एकदा आणि आडवा एकदा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक आला तर कुणीतरी दांडी ढोलाला धरून ठेवणाऱ्या आतल्या सळ्यांचे नट नको तितके आवळून तारांची उंची बदलायचा प्रयत्न केला आहे आणि कडं अंडाकार झालं आहे. हे दुखणं सहज बरं होत नाही.

आता ती फट. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटलेली गोष्ट हीच.

दांडीचा खालचा जाड भाग, टाच म्हणू या, ढोलाला घट्ट भिडलेला असायला हवा. तिथं फट पडायची तीन कारणं असतात. आतल्या सळ्यांचे नट सैल झाले असतील. असं असेल तर ढोल मांडीवर धरून दांडीचा शेंडा बोटानं हलकेच पुढंमागं केला की फट उघडमीट करते आणि सूर हलतो. हे किरकोळ आहे, नट आवळले की संपलं. दुसरं, कुणीतरी दांडीचा कोन बदलायला मध्ये पातळ चिप घातली असेल. फट एकसारखी दिसते, हलत नाही, आत लाकडाचा किंवा धातूचा तुकडा दिसतो. हेही पाप नव्हे, फक्त विचारून घ्या. तिसरं कारण वाईट. टाचेच्या लाकडातच चीर गेलेली असते, आणि फट सांध्यात न थांबता लाकडाच्या रेषेनं वर चढते. तसं दिसलं तर पुढचं काही तपासू नका. चहा घ्या आणि निघा.

मी हे शिकले ते पैसे घालवून. नऊ वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरातल्या एका विक्रेत्याकडून फोटो बघून बँजो मागवला. चकचकीत, शिंपल्याची नक्षी, केस नवी कोरी. इथं आल्यावर तार लावली तर पहिल्या पाच पडद्यांवर सूर बरा, वर गेलं की बेसूर. शेंड्याकडून डोळा लावून दांडी पाहिली, तर ती पिळलेली होती. एका कडेला खाली, दुसऱ्या कडेला वर, ओल्या फळीसारखी. पळीभर पाण्यात बुडावं तशी मी त्या चकाकीत बुडाले होते. विक्रेत्यानं परत घ्यायला नकार दिला. सतारवाले, सुतार, सगळ्यांना दाखवून झालं. पिळलेली दांडी कुणीही सरळ करू शकलं नाही. तो बँजो आजही आमच्या माळ्यावर आहे. म्हणून माझं सांगणं इतकंच, की पुडी, घोडी, तारा, खुंट्या, हुक, पट्टा सगळं बदलता येतं. दांडी बदलायची म्हणजे दुसरा बँजो घेण्याचा खर्च.

दांडी तपासायच्या दोन रीती आहेत, दोन्ही कराच. पहिली, शेंड्याकडून नेम धरल्यासारखं एक डोळा मिटून दोन्ही कडा बघायच्या. दोन्ही समांतर हव्यात. दुसरी, एका तारेला पहिल्या पडद्यावर एका हातानं आणि दांडी ढोलाला मिळते त्या पडद्यावर दुसऱ्या हातानं दाबायचं. मग सातव्या पडद्याच्या आसपास तार आणि पडदा यांच्यात किती जागा राहते ते बघायचं. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी हवी. तार पडद्याला टेकत असेल तर दांडी मागं वाकली आहे, बोट जाईल इतकी जागा असेल तर पुढं. आत ट्रस रॉड असेल, म्हणजे शेंड्यावर छोटं झाकण आणि त्याखाली फिरवायचा नट, तर थोडा वाक काढता येतो. रॉड नसेल आणि वाक मोठा असेल तर नको. बाराव्या पडद्यावर तारांची उंची साधारण तीन मिलिमीटर असावी.

घोडी तिरकी आहे म्हणून घाबरू नका. ती चिकटवलेली नसते, सरोदासारखीच तारांच्या दाबानं उभी असते आणि धक्का लागला की सरकते. जाड तारांच्या बाजूनं जराशी मागं असणं तर बरोबरच आहे, सूर त्यानंच जुळतो. बहिणीला टेप धरून मोजू दे. शेंड्यापाशी तारा ज्या खाचांच्या तुकड्यावरून येतात, त्या ‘नट’पासून बारावा पडदा जितका लांब, तितकीच किंवा किंचित जास्त बाराव्या पडद्यापासून घोडी लांब हवी. बहुतेक ब्लूग्रास बँजोंत हे अंतर ३३ सेंमीच्या थोडं वर येतं. घोडी तिथं नेल्यावरही बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर आणि तिथंच बोट नुसतं टेकवून काढलेला सूर वेगळे येत असतील, तर खोट पडद्यांत किंवा दांडीत आहे. हा एक कान तुमच्या बहिणीला नसेल, पण फोन चालू ठेवून तुम्हाला ऐकता येईल. तुमचा कान आहे ना.

पुडी सैल असणंही दोष नव्हे. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून कातड्याऐवजी प्लॅस्टिकची पुडी रूढ झाली, तेव्हा आपल्या श्रावणातल्या दमटपणानं ती सरोदासारखी उतरणार नाही. वादक तारा हातानं दाबून धरतात आणि घोडीजवळ बोटानं टिचकी मारून पुडीचा सूर ऐकतात. बहुतेकांना तो जीच्या किंवा जी शार्पच्या जवळ आवडतो, म्हणजे तुमच्या षड्जावर किंवा कोमल ऋषभावर. ती चढवताना एका हुकला पाव वळसा, मग समोरच्याला पाव वळसा, असं फिरत जायचं. तबल्याच्या गठ्ठ्यांना ठोकताना जसं आपण गोल फिरतो, तीच शिस्त. एकाच जागी जोर दिला तर पुडी फुटते, आणि फुटताना बंदुकीसारखा आवाज होतो. हुक सहसा चोवीस असतात. त्यातला एक नसणं ही दहा मिनिटांची दुरुस्ती आहे, फक्त तसाच आटे असलेला मिळायला हवा. उरलेल्या हुकांखालची धातूची पट्टी वर ओढली जाऊन वाकलेली नाही ना, ते मात्र बघा.

पाचव्या तारेची खुंटी कशी आहे ते विचारा. आत दातेरी चक्र असलेली असेल तर सूर टिकतो. नुसत्या घर्षणावर चालणारी असेल तर तार षड्ज दर दोन मिनिटांनी उतरेल आणि तुमचा संयम संपेल. ती बदलता येते, पण भोक नीट निमुळतं करून घ्यावं लागतं. सुताराच्या ड्रिलला तिथं हात लावू देऊ नका. पडदे पहिल्या पाच घरांत किती झिजलेत तेही फोटोत जवळून मागा. खोल खाचा असतील तर पडदे घासून समतल करणं हे गिटारच्या कारागिराचं काम आहे. आपले सतारवाले पडदे बांधतात, लाकडात ठोकत नाहीत. ग्वाल्हेरला हे काम उरकण्यापेक्षा बँजो तिकडून निघण्यापूर्वी पुण्यातच करून घ्या.

एक गंमतीची खूणही सांगते. सातव्या, नवव्या पडद्यापाशी पाचव्या तारेखाली बारीक लोखंडी खिळे दिसले तर ते काढायला सांगू नका. खेळण्यातल्या रेल्वेच्या रुळांचे ते खिळे असतात. सुराची पट्टी बदलताना पाचवी तार त्यांत अडकवतात. असे खिळे असले म्हणजे त्या बँजोवर कुणीतरी खरंच बसून वाजवलं आहे. मला तरी अशा बँजोवर जास्त भरवसा वाटतो.

सगळं नीट निघालं, म्हणजे लाकडी कडं, टोन रिंग, सरळ दांडी, फट फक्त सैल नटाची, तर ₹३८,००० पासून बोलणी सुरू करा आणि ₹४२,००० ला थांबा. पुडी, घोडी, तारा, पडदे आणि पाचवी खुंटी यांसाठी पाच-सहा हजार बाजूला हवेतच. कुणी ‘आजच सांगा, दुसरं गिऱ्हाईक आहे’ म्हणालं तर दुसऱ्या गिऱ्हाइकाला घेऊ द्या. कुरिअरनं मुळीच मागवू नका. झेलम किंवा गोवा एक्स्प्रेसनं जाऊन स्वतः आणा. तारा थोड्या उतरवा, घोडीखाली आणि शेंड्याखाली मऊ कापड ठेवा, कडक केस घ्या आणि ती बर्थवर आपल्याजवळ ठेवा, वाटेत नको. मे महिन्यात तर खिडकीलगत उन्हात अजिबात नको, आपल्याकडच्या लूनं लाकडाचा सांधा एका दुपारीत बोलतो.

पुण्याचं फिसकटलं तर दिवाळीपर्यंत थांबा. सहा महिने काही जास्त नाहीत, तुम्ही पस्तीस वर्षं थांबला आहात. भाच्याला सांगा, अनोळखी माणसाकडून नको, ज्या दुकानात वाद्य तपासून, तारांची उंची वगैरे बसवून देतात आणि काही दिवसांत परत घेतात, अशा दुकानातलं जुनं घे. कंपन्यांची नावं हवी असतील तर कॅलिफोर्नियाची डीअरिंग, १९७५ पासूनची. तिचा गुडटाइम हा साधा बँजो पुष्कळ विकला जातो, त्यातला रेझोनेटरचा नमुना बघायचा. फ्लोरिडाची गोल्ड टोन, १९९३ पासूनची. आणि रेकॉर्डिंग किंगचे टोन रिंगवाले. सांगतील त्या किमतीवर जाऊ नका. प्रत्यक्ष विकले गेलेले भाव भाच्याला बघायला सांगा, त्यात बराच फरक असतो. पावती सांभाळायची, भारतात आणताना सवलतीची चालू मर्यादा किती ते आधी बघायचं, वर गेलं तर शुल्क भरायचं. फार जुना बँजो आणू नका. ब्राझिलियन रोजवूडच्या व्यापारावर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, आणि कासवाच्या पाठीच्या जुन्या नख्या कुणी बरोबर दिल्या तरी त्या तिकडंच राहू द्या. शिंपल्याच्या नक्षीला सहसा अडचण नाही. आणि बँजो कुठूनही आला तरी भाच्याच्या बॅगेत चार संच तारा, एक जादा पुडी, दोन घोड्या, धातूच्या नख्या आणि हुक फिरवायचा पाना एवढं मागवाच. इथं हे शोधत महाराज बाड्याच्या बाजारात हिंडून उपयोग नाही.

वहिनींचा प्रश्न रास्त आहे. हे वाद्य घरभर ऐकू येतं, शेजारीही. रेझोनेटर काढून ठेवला की आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. शिवाय आतल्या सळी आणि पुडीच्या मध्ये जुना पंचा हलकेच कोंबा, मग रात्री नऊनंतरही वाजवता येतं. पहिले दोन महिने तसंच वाजवा. नख्यांची खरखर, चुकणारे रोल, हे सगळं घरच्यांनी सहन करावं असं मी म्हणणार नाही. वहिनींना मात्र एकदा, पंचा काढून, झाकण लावून, नीट सुरात लावलेला बँजो ऐकवा.

आता बहिणीला फोन करा. रविवारी सकाळी जायला सांगा, उजेड असताना, बरोबर टेप, वजनकाटा आणि एक व्हिजिटिंग कार्ड घेऊन. व्हिडिओ कॉल चालू ठेवून आधी दांडी दाखवायला सांगा, मग टाच, मग चार स्क्रू. झाकण निघाल्याबरोबर आतला एक फोटो मलाही पाठवा, लाकूड आहे की धातू ते दोघं मिळून बघू.